विंडसरला राहून डेट्रॉईटला नोकरी, टॅक्सचं काय?

नवऱ्याला डेट्रॉईटला एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावर नोकरी, कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना आहेच, घर नदीच्या अलीकडे कॅनडातल्या विंडसरला घ्यायचं, मुलगी पहिलीत, तर टॅक्स दोन्हीकडे भरावा लागतो का आणि एकटं वाटतं का, असं तुम्ही विचारलंय. काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले. मी 2014 पासून रोज हेच करतेय, नदीखालच्या टनेलमधून पलीकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

कुठला फॉर्म, कुठली तारीख हे सरकारी साईटवर सगळं आहे, ते परत लिहीत नाही. थोडक्यात, रिटर्न दोन्हीकडे भरायचं, पण एकाच पैशावर दोनदा टॅक्स जात नाही. अमेरिकेत भरलेला टॅक्स कॅनडा आपल्या टॅक्समधून वजा करून देतं, त्याला क्रेडिट म्हणतात, फक्त ओंटारियोचा, म्हणजे विंडसरच्या प्रांतातला टॅक्स बहुतेक वेळा जास्त बसतो त्यामुळे वरचा फरक एप्रिलमध्ये एकरकमी भरावा लागतो, कारण अमेरिकन पगारातून कॅनडाचा टॅक्स कोणी कापतच नाही. पहिल्या वर्षी हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि पोटात गोळा येतो. दर महिन्याला वेगळ्या खात्यात पैसे टाकत जा. पुढे मग तीन-तीन महिन्यांनी हप्ते भरा म्हणून सांगतात, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, 15 तारीख. ऑफिस खुद्द डेट्रॉईट शहरात असेल तर शहराचा वेगळा 1.2 टक्के टॅक्स आहे, जवळच्या डिअरबॉर्नला किंवा ट्रॉयला असेल तर तो नाही. आणि भारतातल्या एनआरई एफडीचं, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या ठेवीचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी कॅनडात दाखवावं लागतं, आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं.

पण खरं सांगायचंय ते दिवसांबद्दल. तुमचे मिस्टर ज्या दिवशी विंडसरच्या घरातून काम करतील त्या दिवसाचा पगार अमेरिकेचा नाही, कॅनडाचा. कंपनी मात्र सगळा पगार अमेरिकेचाच दाखवते आणि तसाच टॅक्स कापते. मग अमेरिकेकडून त्या दिवसांचे पैसे आपणच रिटर्न भरून परत मागायचे, कारण जो टॅक्स अमेरिकेला द्यायचाच नव्हता त्याचं क्रेडिट कॅनडा देत नाही. म्हणून कोण कुठल्या दिवशी कुठे होतं हे रोजच्या रोज लिहून ठेवा. माझ्या आईचा दुधाचा हिशोब कॅलेंडरच्या चौकोनात असायचा, अर्धा लिटर, पाऊण लिटर, एखाद्या दिवशी फुली. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तसंच लिहिते, डेट्रॉईटसाठी 'डे', विंडसरसाठी 'वि', भारतासाठी 'भा'.

2020 मध्ये लिहिलं नव्हतं. मार्चपासून घरूनच काम, आणि आमच्या अकाउंटंटनी सगळं उत्पन्न अमेरिकेचं म्हणून टाकून दिलं, मीही सही केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या टॅक्स खात्याकडून पत्र आलं, तीस दिवसांत अमेरिकेचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याचा उतारा, आणि कामाच्या दिवसांचा हिशोब पाठवा.

शाळेचंही सांगते, मुलगी पहिलीत आहे म्हणालात म्हणून. माझी मुलगी दुसरीत असताना तिला वर्गात ताप चढला. शाळेकडे माझा नंबर अमेरिकेचा होता, ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या की इथल्या फोनवरून बाहेरदेशी कॉल लागत नाही, आणि नवरा तेव्हा दोन तासांवर लंडनला, म्हणजे ओंटारियोतल्या, कामाला. ती अडीच तास खुर्चीत बसून होती, अंगावर जॅकेट घालून. मी नदीच्या पलीकडे, ऑफिसच्या खिडकीतून विंडसर दिसतं एवढ्या अंतरावर. फॉर्मवर दुसरा नंबर द्या असं आधी कोणी सांगितलं असतं तर? आता ती सतरा वर्षांची आहे, तिला आठवतही नाही, मला मात्र त्या बाईंचा आवाज अजून आठवतो. विंडसरमधल्या शेजाऱ्यांचा नंबर शाळेत द्या, पहिल्याच दिवशी.

एकटं वाटतं का, तर नाही वाटत, वेळच नसतो. मंडळं आहेत, गणपती होतो, माणसं भेटतात.

तर ते पत्र. ते आलं तेव्हा मी सांगलीत होते, बाबा आयसीयूत. त्या वर्षी कोविडमुळे सप्टेंबर संपेपर्यंत भारतातून कॅनडाला थेट विमानं बंद होती, त्यामुळे जाणं आधीच खूप लांबलं होतं. नवऱ्यानी पत्राचा फोटो पाठवला आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून फोनवर ट्रान्सक्रिप्ट काढायला बघत होते, ओळख पटवायचा कोड माझ्या अमेरिकन नंबरवर जायचा आणि तो फोन विंडसरला ड्रॉवरमध्ये. कागद घरी, तीस दिवस मोजून, अडकलेल्या क्रेडिटची रक्कम एकोणीस हजार डॉलर. मी तिकीट बदललं आणि अकराव्या दिवशी निघाले. बाबांना सांगितलं की ऑफिसचं काम आहे, ते म्हणाले जा, काम महत्त्वाचं.

मुदत वाढवून मिळते. फोन करून मागायची असते. हे मला जानेवारीत कळलं, दुसऱ्या एका अकाउंटंटकडून, सहज बोलता बोलता. तुम्हाला तसं पत्र आलं तर त्याच दिवशी फोन करा, घरात आजारपण आहे म्हणून सांगा, कागद नंतर शोधा. बाकीचं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

क्रेडिटचं पुढे मिटलं, अमेरिकेचं दुरुस्त रिटर्न भरलं आणि वर्षभरानी पैसेही आले. 2021 च्या कॅलेंडरवर नोव्हेंबरात अकरा चौकोनांत 'भा' आहे. बाबा 9 डिसेंबरला गेले. त्या चौकोनात माझ्याच अक्षरात 'वि' आहे, कारण फोन दुपारी आला आणि सकाळी मी घरून काम केलं होतं. टॅक्सचे कागद सहा वर्षं ठेवावे लागतात, म्हणून ते पान अजून फायलीत आहे.