साक्ष देण्याआधी थोडं

बाप्तिस्मा झाल्यापासून तू दिसेल त्याला आपल्या विश्वासाची साक्ष म्हणून बायबलमधली वचनं पाठवतोयस. उत्साह चांगला आहे, पण जरा दमानं घे. लोक आधी तुझं वागणं वाचतात, वचन नंतर.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या दोन ओळी शेजारी ठेवून बघ. मत्तयाच्या शुभवर्तमानात 5:16 म्हणतं, तुमचा प्रकाश लोकांना दिसू द्या. आणि 6:1 बजावतं, लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. मला हे कोडंच वाटायचं. पुढे उमगलं, प्रश्न श्रेय आपल्या पदरात पडतं की देवाच्या, याचा आहे.

खरी परीक्षा आपण चुकल्यावर होते. एकदा मी एका ज्युनिअरवर चारचौघांत ओरडलो, आणि चूक निघाली माझ्याच हिशेबात. त्याला बाजूला घेऊन माफी मागणं सोपं होतं. पण ओरडलो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. कान तापले होते, आवाज फुटत नव्हता. माझ्या उपदेशाला नुसतं 'हं' करणारा तो, त्या दिवशी डबा घेऊन शेजारी येऊन बसला. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तय 5:23-24 मला तेव्हा कळलं.

कोणी विचारलं तर उत्तर तयार हवंच. येशूचा शिष्य पेत्र मात्र सोबत सौम्यता आणि आदरही मागतो (1 पेत्र 3:15). वाद घालायची खुमखुमी तुला आहे, मलाही होती.

बहिणीशी बोलणं बंद आहे म्हणालास ना? तिला आधी फोन कर.