दरीतल्या घराला कोणता अँटेना?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात दरीत घर आहे, भोवती फणस-आंबे. छपरावरच्या अँटेनावर काहीच दिसत नाही. जास्त ताकदीचा कोणता घ्यावा?

उत्तर : अँटेनावर पैसे घालूच नका. दूरदर्शनने जमिनीवरचे बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक बंद केले आहेत; नसलेला सिग्नल कोणताही अँटेना पकडणार नाही. डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी सेवा, बसवा; मासिक भाडं नाही.

तिचा जीसॅट-१५ उपग्रह तुमच्याकडून आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १२९ अंशांवर, क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर येतो. इतक्या वर डोंगर सहसा आड येत नाही, झाड येतं. डिशपेक्षा १० मीटर उंच फणस त्या दिशेला सहा मीटरच्या आत असेल, तर तो अडवणारच. अंतर खोडापासून नव्हे, फांद्यांच्या टोकापासून मोजा. म्हणून छपराचा हट्ट सोडा. मोकळं अंगण पुष्कळदा बरं.

६० सेंटीमीटरची डिश चालते, पण कोकणातल्या पावसासाठी ९०ची घ्या. खांब ओळंब्यात हवा, नाहीतर कोनाचे आकडे चुकतात. एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांडीवरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) जोडावर पाणीरोधक टेप गुंडाळा आणि त्याखाली केबलला झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. आत शिरलं, तर तांब्याची तार हिरवी पडून चित्र तुटतं.