फुकटच्या सॉफ्टवेअरमुळं मोबाइलच्या बिलात न मागितलेल्या सेवा लागल्या, तर ते पैसे भरावेच लागतात का?

ताई, नाही. ते पैसे भरू नका. पण अख्खं बिलही थांबवू नका, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या लॅपटॉपमधलं काहीही काढून टाकू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. वसमतला तुमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविम्याच्या घाईत सातबारा आणि पासबुक एका फाइलमध्ये जोडायला एक फुकटचं पीडीएफ सॉफ्टवेअर टाकलं. लॅपटॉपला नेट मिस्टरांच्या पोस्टपेड मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. दरमहा 471 रुपये येणारं बिल या खेपेला 1,639 आलं आणि त्यात गेमच्या नि राशिभविष्याच्या सेवेच्या तीस-तीस रुपयांच्या 33 नोंदी. कस्टमर केअरवाले म्हणतात, ‘तुमच्याच नंबरवरून चालू झालंय, भरावं लागेल.’

आधी आकडा नीट मांडू, कारण अर्जात तोच लागणार आहे. 33 नोंदींचे 990 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 178 रुपये 20 पैसे. म्हणजे वाद आहे तो 1,168 रुपयांचा. राहिलेले 471 तुमच्या प्लॅनचे, ते मुदतीत भरा आणि पावती ठेवा. ‘यांनी बिलच भरलं नाही’ असं म्हणायला कंपनीला जागा ठेवू नका.

आता हे झालं कसं? बहुधा असं: हॉटस्पॉटवरून चालणारा लॅपटॉप मोबाइलच्याच सिमवरून नेट ओढतो. सिम कोणाचं हे नेटवर्कला माहीतच असतं, त्यामुळं सेवा चालू करायच्या पानावर नंबर टाकावा लागत नाही. एक बटण दाबलं की पैसे थेट बिलात. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत जाहिराती उघडणारा दुसरा प्रोग्राम गुपचूप येतो, तो अशी पानं आपोआप उघडतो, आणि एखादवेळी आपलं बोट ‘पुढे’वर पडतं, नाहीतर तोच दाबून मोकळा होतो. मिस्टरांचा फोनही बघा. मेसेज वाचायची परवानगी घेऊन बसलेलं अनोळखी ॲप असेल तर तेही संशयातलंच. जोकर नावाचं अँड्रॉइडवरचं मालवेअर (फोनमध्ये शिरणारा घातक प्रोग्राम) नेमकं हेच करायचं: सेवा चालू करायचं, आलेला ओटीपी स्वतःच वाचायचं आणि भरायचं.

मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगतोय, तर मी हाच वाद एकदा हरलोय. 2004 साली मी मानवतला टायपिंगसोबत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. तेव्हा नेट फोनच्या तारेवरून यायचं. मॉडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारं यंत्र, नंबर फिरवायचं, किरकिरायचं, शिट्टी मारायचं आणि मग लागायचं. एका संध्याकाळी पोरांनी कुठूनतरी एक प्रोग्राम उतरवला. दुसऱ्या दिवसापासून मॉडेमचा आवाजच बंद. मला वाटलं, त्याचा स्पीकर गेला. नेट तर लागत होतं, मग मी कशाला बघतोय? आठ-नऊशेच्या जागी पुढचं बिल आलं 11,400 रुपयांचं. सगळे आयएसडी कॉल, एका अशा देशाला ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात शोधलं तर पॅसिफिक महासागरात एक ठिपका सापडला.

त्या प्रोग्रामनं आमच्या नेटचा नंबर काढून तिथं 00 नं सुरू होणारा परदेशी नंबर घातला होता आणि स्पीकर मुका केला होता. अशा नंबरांवर कॉल गेला की त्याच्या दरातला वाटा परदेशात नंबर घेऊन बसलेल्या टोळीला मिळायचा. म्हणून ठिपक्याएवढे देश निवडायचे, तिथला दर जबर असायचा.

मी टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन भांडलो. ‘साहेब, आमचं तिकडं कोणी नाही हो, आम्ही कामून फोन लावू?’ साहेब शांतपणे म्हणाले, ‘सर, कॉल तुमच्या लाइनवरून गेला का नाही, एवढंच सांगा.’ माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण कॉल माझ्याच लाइनवरून गेला होता. आणि बिल आलं त्याच रात्री घाबरून मी कॉम्प्युटर फॉरमॅट मारला होता. प्रोग्राम गेला, त्याच्यासोबत माझा एकमेव पुरावा गेला. वडिलांनी ठेवलेले तुरीचे पैसे त्या बिलात गेले, 2,850 चे चार हप्ते. अमेरिकेत 1997 मध्ये याच धर्तीचा प्रकार झाला होता, कॉल मोल्दोव्हा नावाच्या देशाच्या नावावर लागायचे. तिथं सरकारी यंत्रणेनं तो प्रोग्राम पकडून कोर्टापुढं ठेवला, तेव्हा 38,000 हून जास्त ग्राहकांना पैसे परत मिळाले.

म्हणून ताई, ‘आम्ही केलं नाही’ यावर भांडू नका. त्यावर कंपनी ‘तुमच्याच नंबरवरून झालं’ म्हणते आणि तेही खोटं नसतं. तुम्ही विचारायचं ते वेगळंच: आमची संमती दाखवा. ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेनं, जुलै 2013 मध्ये सगळ्या मोबाइल कंपन्यांना आदेश दिलाय की अशी सेवा (कागदोपत्री तिला ‘मूल्यवर्धित सेवा’ म्हणतात) चालू करायला ग्राहकाची दोनदा संमती हवी. एकदा मागणी, आणि मग वेगळी खात्री. त्या संमतीची नोंद कंपनीकडं असायला पाहिजे. नोंद असेल तर ती दाखवायचं काम त्यांचं, तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही.

आता हातातलं काम. त्या फोनवरून STOP असा मेसेज 155223 वर पाठवा, पैसे लागत नाहीत. चालू असलेल्या सेवांची यादी आली तर एकेक बंद करा आणि प्रत्येक उत्तराचा स्क्रीनशॉट घ्या. मग लॅपटॉपकडं वळा. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रामची यादी उघडली की समोर टाकल्याची तारीख दिसते. त्या पीडीएफ सॉफ्टवेअरच्या तारखेला सोबत आणखी काय काय शिरलं ते बघा आणि स्क्रीनचा फोटो दुसऱ्या मोबाइलनं काढा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून हिस्ट्री उघडा, आणि बिलातल्या पहिल्या नोंदीच्या दिवशी कुठली पानं उघडली होती त्याचेही फोटो घ्या. दुकानाच्या रजिस्टरमध्ये त्या वेळी कोणाचा फॉर्म भरत होता हे लिहिलेलं असेल तर फारच उत्तम. सोनं आहे ते. हे सगळं झाल्यावर सॉफ्टवेअर काढा, फॉरमॅट मारा, काय करायचं ते करा.

मग 198 वर तक्रार नोंदवा. समोरचा कितीही गोड बोलला तरी तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर लेखी पाठवा. मराठीत चालतं. मजकूर साधारण असा:

‘माझ्या या महिन्याच्या बिलात मूल्यवर्धित सेवांचे 990 रुपये व त्यावरील जीएसटी लावला आहे. या सेवा मी मागितलेल्या नाहीत. ट्रायच्या 2013 च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक सेवेसाठी घेतलेल्या दोन्ही संमतींची तारीख, वेळ व मार्ग लेखी द्यावा. ते देता येत नसल्यास रक्कम बिलातून वजा करावी. वाद नसलेले 471 रुपये मी भरले असून पावती जोडली आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सेवा बंद करू नये.’

मिस्टरांच्या नावावर कनेक्शन आहे, तेव्हा अर्ज त्यांच्याच नावानं जाऊ द्या. सॉफ्टवेअरची गोष्टही लपवू नका, एका ओळीत लिहा. तुम्ही फसवले गेलात, त्यात लाजायचं काही नाही. उलट ती गोष्ट नंतर बाहेर आली तर केस ढिली पडते.

‘संमती आहे’ एवढंच मोघम उत्तर आलं किंवा काहीच आलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जा. 2012 च्या तक्रार निवारण नियमांत ही दुसरी पायरी आहे. अपिलाला फी नाही. ते 30 दिवसांत करावं लागतं आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. बरेच लोक पहिल्याच पायरीवर दमतात. थेट ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, एकट्या ग्राहकाचा वाद ते सोडवत नाहीत.

तिथंही न्याय नाही मिळाला तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यानंतर हिंगोलीचा जिल्हा ग्राहक आयोग. ‘टेलिफोनचे वाद ग्राहक कोर्टात चालत नाहीत’ असं कोणी सांगेल. 2009 च्या एका निकालामुळं तसं म्हटलं जायचं. पण 2019 च्या ग्राहक कायद्यात दूरसंचार सेवा स्पष्ट लिहिलेली आहे, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं मोबाइलच्या बिलाचा वाद ग्राहक आयोगात चालतो असं सांगितलंय. एवढ्या रकमेला फी लागत नाही, वकीलही बंधनकारक नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. 1930 चा सायबर नंबर कोणी सुचवला असेल तर तो बँकेतून किंवा यूपीआयवरून पैसे गेल्यावर ताबडतोब लावायचा असतो. तुमचे पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत.

आज एवढं करा: बिलातल्या पहिल्या तीस रुपयांच्या नोंदीची तारीख आणि ते पीडीएफ सॉफ्टवेअर टाकल्याची तारीख जुळते का ते बघून इथं खाली कळवा. मोबाइल नंबर मात्र लिहू नका. जुळत असेल तर अपिलाचा मजकूर मी मांडून देतो.