पूल ओलांडायलाच हवा का?

प्रश्न : आम्ही पर्वरीला राहतो. जुलैत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतील. मुलं म्हणतात, ‘फाइन डायनिंग’ हवं तर मांडवी ओलांडून पणजीलाच जावं लागेल. खरं का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. मंद दिवे, कापडी नॅपकिन पर्वरीतही मिळतात. पण मी आधी फोन करून विचारते, “आज मासळी कुठली?” गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद. त्या दिवसांत “मॅडम, सगळं ताजं आहे” म्हणणाऱ्याकडे मी फिरकत नाही. “विसवण (सुरमई) बर्फातला आहे, त्यापेक्षा सुक्या सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) आणि अळसांद्यांचं तोणाक (गोव्याकडच्या चवळीचा रस्सा) घ्या,” असं तोंडावर सांगणारा मिळाला की टेबल राखून ठेवायचं. सोलकढी मात्र चाखूनच मागवा. पुष्कळ ठिकाणी नुसतं गुलाबी पाणी येतं.

सासऱ्यांना जिने चढावे लागतील का, तेही विचारा. पाठीमागे ढोल बडवल्यागत गाणी असतील तर जेवण कितीही उंची असो, फुकट.

बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्येच बजावलंय. दिसला तर काढायला सांगा, आणि मनासारखं वाढलं असेल तर टिप वाढणाऱ्याच्या हातावर ठेवा.