वकीलपत्र सोडू नकोस

चि. वकीलसाहेबांस अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचायत समितीला पडलास, त्याचं मला काही वाटलं नाही. पण पक्षाने अट घातली म्हणून पक्षकारांना एनओसी, म्हणजे दुसरा वकील नेमायला हरकत नसल्याचा कागद, देऊन मोकळं व्हायचं आणि मुंबईला पक्षाच्या साहेबांच्या कार्यालयात बसायचं, हे वाचलं आणि डोकं फिरलं. तालुक्याच्या वकिलाला राजकारण करायचं असेल, तर त्याने हातातलं वकीलपत्र सोडायचं नसतं.

जॉन डीफेनबेकरचं बघ. कॅनडाचा पंतप्रधान झाला ते फार मागाहून. तोही तुझ्यासारखा फौजेतून आलेला. पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट म्हणून 1916 मध्ये इंग्लंडला गेला, पण आघाडीवर पोचायच्या आतच प्रकृतीच्या कारणाने त्याला परत धाडलं. 1919 मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्याने सस्कॅचेवान प्रांतातल्या वाकॉ या जेमतेम चारशे वस्तीच्या गावात वकिली मांडली. तिथे एक वकील आधीच होता आणि लोक त्याला धरून होते. या नव्या पोराला कोणी जागा देईना. मग रिकामा प्लॉट भाड्याने घेऊन त्याने दोन खोल्यांचं लाकडी खोपट उभं केलं. आसपासचे शेतकरी बहुतेक बाहेरदेशांतून येऊन वसलेले आणि कोर्टाची पायरी चढायला एका पायावर तयार! पहिल्याच वर्षी ज्यूरीपुढचे, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढचे, 62 खटले चालवले, साधारण निम्मे जिंकले. म्हणजे निम्मे हरलाही. तरी 1920 च्या अखेरीस गावाने त्याला ग्रामपरिषदेवर निवडून दिलं, कारण तो कोर्टात कसा उभा राहतो हे गावाने बघितलं होतं.

तुला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. बचावाचे साक्षीदार तो सहसा उभेच करत नसे. त्यामुळे सरकारपक्षाला खंडनाचे साक्षीदार आणता येत नसत आणि ज्यूरीपुढे शेवटचं बोलणं याच्या वाट्याला यायचं. तुझ्या पत्रात असलं काही शिकल्याची एक ओळ नाही. सगळं बूथ, बॅनर आणि कोणी गद्दारी केली त्याचं.

एकदा पडलास ना? तो 1925 ला लोकसभेला पडला, 1926 ला लिबरल पक्षाचा नेता मॅकेन्झी किंग याच्यासमोर पडला, 1929 ला प्रांताच्या निवडणुकीत, 1933 ला प्रिन्स अल्बर्ट शहराच्या महापौरपदाला आणि 1938 ला पुन्हा प्रांतात. दरवेळी पडल्यावर परत कोर्टात. 1940 मध्ये लोकसभेवर गेला तो 280 मतांनी. मधली सगळी वर्षं त्याला पोसलं कोणी? कोणत्याही साहेबांनी नाही, वकिलीने.

आणि खासदार झाल्यावरही त्याने वकीलपत्र सोडलं नाही. नोव्हेंबर 1950 मध्ये ब्रिटिश कोलंबियात कनू रिव्हरजवळ दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या. 21 माणसं गेली, त्यांतले 17 कोरियाला निघालेले सैनिक. ठपका आला जॅक अॅथर्टन नावाच्या विशीतल्या तारबाबूवर, की त्याने गाडीच्या हुकुमातले दोन शब्द गाळले. डीफेनबेकरची पत्नी एडना तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने मरणाच्या दारात होती. तिनेच इस्पितळातून त्याला सांगितलं, या पोराचं काम घे. फेब्रुवारीत ती गेली. त्या प्रांतात उभं राहायला परवाना लागत होता. याने 1,500 डॉलर भरले, परीक्षा दिली आणि मे 1951 मध्ये तिथल्या प्रिन्स जॉर्ज गावच्या कोर्टात उभा राहिला. तारेतून शब्द आपोआपही गळू शकतात हे दाखवलं. सैनिकांना लाकडी डब्यांत का बसवलं, हेही रेल्वेच्या माणसाला भर कोर्टात विचारलं. पोरगा निर्दोष सुटला.

तू गणवेशातला फोटो बॅनरवर लावलास. हा माणूस त्या मेलेल्या जवानांसाठी उलटतपासाला उभा राहिला. सैनिकाचं देणं असं फेडायचं असतं, कळतंय का?

पुढे 1958 मध्ये त्याच्या पक्षाच्या लोकसभेत 265 पैकी 208 जागा आल्या. 1960 मध्ये हक्कांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी आदिवासींना आपला कायदेशीर दर्जा न गमावता मतदान करता येऊ लागलं. तो हक्कांचा कायदा कच्चा होता, केंद्रापुरताच होता, हे मलाही कळतं. विमानांचे नि क्षेपणास्त्रांचे त्याचे निर्णय वादाचे ठरले, 1963 ला सत्ता गेली, तेही खरं. पण परक्या आडनावाच्या लोकांना कोर्टात काय सोसावं लागतं, हे त्याला वाकॉच्या खोपटात कळलं होतं, भाषणं ऐकून नव्हे.

मी एकदाच उभा राहिलो. दुसऱ्या वेळी पक्षाने अट घातली, वकिली बंद करा. माझ्याकडे तेव्हा वाटपाचे नि पोटगीचे दावे होते, बायका दहा-दहा मैलांवरून एसटीने तारखेला यायच्या. मी नाही म्हटलं. विधानसभा हुकली याची हळहळ आजही आहे, खोटं कशाला बोलू? वकिलांच्या बारमध्ये अजून म्हणतात, त्यांच्यात धमक नव्हती. म्हणू देत. धमक होती म्हणूनच नाही म्हटलं. ती अट तेव्हा चुकीची होती, आज तुला घालतायत तेव्हाही चुकीचीच आहे.

तेव्हा एनओसीचे कागद फाडून टाक. पुढच्या निवडणुकीला जरूर उभा राहा, सूचक म्हणून मी सही करीन. पण अर्ज भरायच्या दिवशी कोर्टाच्या बोर्डावर तुझं काम असलं, तर आधी ते उरक, मग तहसीलला ये. मी तिथे थांबतो. आणि त्या बांधाच्या दाव्यातला मोजणीचा नकाशा अजून दाखल केला नाहीस, तो या आठवड्यात कर.

तुझा,
काका