‘आठ’ की ‘८’? गणिती लेखनातल्या संख्या

प्रश्न असा : गणिताची टिपणे मराठीत लिहिताना संख्या अक्षरांत कधी लिहावी आणि अंकांत कधी? ‘दहापर्यंत अक्षरांत, पुढे अंकांत’ हा सरधोपट नियम इथे लावावा का?

नुसता तेवढा नको. संख्या वाक्यात काय काम करते ते आधी बघावे. ‘मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या पावसाची सरासरी काढायची, तर बेरजेला ८ ने भागा.’ पहिला आठ जिल्हे मोजतो, म्हणून अक्षरांत. दुसरा स्वतःच भाजक आहे, म्हणून अंकांत. तसेच ‘क्ष² − ७क्ष + १० = ० या समीकरणाला दोन मुळे आहेत, त्यांतले एक २ आहे.’ मापे (५ सेमी) आणि ‘आकृती ३’सारखे क्रमांक अंकांतच.

मोजणीचीच संख्या मोठी असेल, तर मात्र अंक बरे. जिल्हे आठ लिहा, पण तालुके ७६ लिहा. शहात्तर की शाहत्तर यावर अडखळायचे कशाला? एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत तर चांगले चांगले गोंधळतात.

‘एक’ जरा जपून. ‘एक त्रिकोण घ्या’ यातला एक मोजत नाही, ‘कोणताही’ एवढेच सांगतो. ‘१ त्रिकोण घ्या’ लिहिले की किराणा सामानाची यादी वाटते. ‘एकच उकल’, ‘तिन्ही कोन’, ‘चौपट’ ही रूपेही अक्षरांतच ठेवावीत. ‘३न्ही’ हे वाचायचे तरी कसे? म्हणून ‘दोन्ही बाजूंना २ ने गुणा’.

अंदाज सांगताना तर अंक नकोतच. ‘१०-१२ बिंदू घ्या’ ही गणिताच्या पानावर सरळ वजाबाकी दिसते, ‘दहा-बारा’ लिहा. अडीच, सव्वा, पाऊण हे शब्द वाक्यात शोभतात, मांडणीत नाही. ‘अडीच एकराचे गुंठे किती?’ असे खुशाल विचारा, पण उत्तरात २.५ × ४० = १०० हवे.

दोन आकडे शेजारी आले की वाचणारा फसतो. ‘३ ४ सेमीचे रेषाखंड’ नको, ‘४ सेमीचे तीन रेषाखंड’ करा. सगळ्यात वाईट खोडी पूर्णविरामाची : ‘एक मूळ ५. २ हे दुसरे मूळ.’ घाईत हे ५.२ वाचले जाते. इथे शब्द फिरवावेत : ‘एक मूळ ५ आहे, दुसरे २.’