नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स असूनही खेड्यातल्या गरीब लेकरांना वेळेवर उपचार का मिळत नाहीत?

कारण मोठी इस्पितळं शहरात आहेत आणि मूल आजारी पडतं रामटेक तालुक्यातल्या देवलापारच्या पलीकडच्या पाड्यावर. तिथून नागपूर ६० किलोमीटरच्या पुढे. प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस डॉक्टर असतो, बालरोगतज्ज्ञ नसतो. मग रामटेक, आणि तिथून पुन्हा चिठ्ठी नागपूरची. उपचार फुकट असले तरी आईबापाची मजुरी बुडते, घरी दुसरं लेकरू असतं, राहायची सोय नसते. म्हणून 'उद्या पाहू' म्हणतात. न्यूमोनिया किंवा जुलाबात बाळासाठी तो उद्या फार उशिराचा असतो.

माझ्या मते नवीन इमारतींपेक्षा गावातली पहिली मदत जास्त मोलाची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हे दाखवून दिलं: गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्याचं मूळ तिथंच. (त्यांचं मानधन वेळेवर देणं हाही बालआरोग्याचाच भाग, पण ते कोणी मोजत नाही.)

तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगून ठेवा: एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी मोफत आहे. जुलाबात ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर भूमकाकडे (गावातल्या पारंपरिक वैदूकडे) वेळ न घालवता थेट १०८ लावा.